भारतीय मिस्सा एकसुरीच असावी का?

इंदुरात चर्चच्या संगीताचा विषय निघाला की एक मत हमखास मांडले जाते: मिस्साचे संगीत भारतीय करायचे असेल, तर गायनवृंदाचे तीन-चार आवाजांतले गाणे आधी थांबवावे आणि सगळ्यांनी मिळून एकाच सुरात भजन म्हणावे. असे म्हणणाऱ्यांत धर्मगुरू आहेत, संगीताचे शिक्षक आहेत आणि दर रविवारी मनापासून गाणारे भाविकही आहेत, त्यामुळे हे मत झटकून टाकण्यासारखे नाही. त्याच्यासमोर दुसरा गट तितकाच ठाम उभा असतो. त्याच्या मते क्वायर, म्हणजे असा गायनवृंद, शोभते ती इंग्रजी मिस्साला. हिंदी किंवा मराठी मिस्साला ढोलक आणि हार्मोनियम पुरे. दोन्ही गट एकमेकांशी भांडतात, पण आपल्या भाषांमध्ये अनेक आवाजांचे मिस्सासंगीत रचण्याची गरज नाही, या निष्कर्षाला दोघेही येतात. मला तो निष्कर्ष मान्य नाही. साध्या धर्मग्रामातल्या (एका चर्चभोवतीच्या भाविकसमाजातल्या) साध्या गळ्यांसाठी, हिंदीत आणि मराठीत, अनेक आवाजांची नवी मिस्सा आज रचली गेली पाहिजे. ती आपल्या रागांच्या चलनातून आणि आपल्या शब्दांच्या लघु-गुरूंतून घडली पाहिजे. आणि ते काम इथल्या संगीतकारांकडे रीतसर, मानधन देऊन सोपवले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. मी मूळची वसईची. मराठी मिस्सा ऐकत वाढले आणि लग्नानंतर इंदुरात येऊन हिंदी मिस्सात आल्टोचा, म्हणजे बायकांचा खालचा, आवाज गाऊ लागले, म्हणून हा प्रश्न मला दोन्ही भाषांतून जवळचा आहे.

मराठी वाचकांपैकी अनेकांनी मिस्सा प्रत्यक्ष अनुभवलेली नसेल, तेव्हा थोडे सांगणे आवश्यक आहे. मिस्सा ही कॅथलिकांची मुख्य उपासना. तिच्यातली वाचने आणि काही प्रार्थना दिवसागणिक बदलतात, पण पाच पाठ ठरलेले असतात: दयेची याचना करणारा ‘कीरिए’, देवदूतांच्या स्तुतीने सुरू होणारा ‘ग्लोरिया’, श्रद्धेची घोषणा करणारा ‘क्रेडो’, ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ असा त्रिवार घोष करणारा ‘सांक्तुस’ आणि देवाच्या कोकराला आळवणारा ‘आन्युस देई’. संगीतकाराने मिस्सा रचली असे आपण म्हणतो, तेव्हा त्याने या पाच पाठांना स्वर दिलेले असतात. चौदाव्या शतकात फ्रान्सच्या गिओम द माशोने ते चार आवाजांसाठी रचले आणि एकाच ज्ञात संगीतकाराने रचलेली ती सर्वांत जुनी संपूर्ण मिस्सा मानली जाते. त्यानंतर सोळाव्या शतकात पालेस्त्रीना, 1749 साली मृत्यूच्या उंबरठ्यावर आपली बी मायनर मिस्सा पूर्ण करणारा बाख, 1823 मध्ये बेथोव्हेन, 1948 मध्ये स्त्राविन्स्की, अशा कितीतरी जणांनी त्याच शब्दांवर आपापल्या काळाचे संगीत चढवले. तीच बंदिश घराण्याघराण्यातून वेगळी होत जावी, तसे हे सहाशेहून अधिक वर्षे चालत आले आहे.

मात्र बंदिशीचे शब्द गायक थोडेफार इकडेतिकडे करू शकतो. मिस्साचे शब्द संगीतकाराला बदलता येत नाहीत. ग्लोरियाच्या जागी दुसरे कोणतेही गीत घेऊ नये असे मिस्साग्रंथाच्या नियमावलीत स्पष्ट सांगितले आहे. आणि कोणता पाठ कोणी, केव्हा गायचा हेही तिथे ठरवलेले आहे. कीरिए लोकांनी आणि गायनवृंदाने वाटून घ्यायचा असतो. आजच्या रीतीप्रमाणे प्रत्येक याचना साधारणपणे दोनदा म्हटली जाते, एकदा पुढे गाणाऱ्याने आणि एकदा सगळ्यांनी. ग्लोरिया सगळ्यांनी मिळून, आलटूनपालटून, किंवा एकट्या वृंदानेही गायला चालतो, पण नाताळपूर्वीच्या आगमनकाळाच्या आणि ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळाच्या रविवारी तो गाळला जातो. सांक्तुस हा वेदीवरच्या मुख्य प्रार्थनेचाच भाग असल्यामुळे तो धर्मगुरूने आणि सर्व लोकांनी मिळून म्हणायचा असतो. तो संपूर्णपणे वृंदाच्या हवाली करणारी रचना कितीही सुंदर असली, तरी आजच्या उपासनेत ती बसत नाही. आन्युस देईची गोष्ट तर मला फार मोलाची वाटते. भाकर मोडण्याची कृती चालू असताना तो गायला जातो, आणि ती कृती लांबली तर याचना पुन्हा पुन्हा म्हणता येते; शेवटच्या वेळी मात्र ‘दया कर’च्या जागी शांतीची मागणी येते. याचा अर्थ असा की रचना हवी तेवढी लांबवता आली पाहिजे आणि वेदीकडे पाहून योग्य क्षणी मिटवताही आली पाहिजे. छापील स्वरलिपीवर वाढलेल्या युरोपीय संगीतकाराला हे अवघड जाते. आवर्तनामागून आवर्तन घेत समेवर येणाऱ्या आपल्या गायकाला हे कोणी शिकवावे लागणार नाही.

या सगळ्यामुळे मिस्साचे संगीत म्हणजे चार-पाच भक्तिगीतांची माळ, ही समजूत मला घातक वाटते. आपल्याकडे ती पसरायला कारणे आहेत. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज प्रसिद्ध केला आणि त्यानंतर काही वर्षांतच लॅटिन मागे पडून लोकभाषा वेदीवर आल्या. भाषांतरे झाली, संगीत मात्र मागे राहिले. लॅटिनसाठी घडलेल्या किंवा इंग्रजीसाठी रचलेल्या चालींवर नवे शब्द बसवले गेले. पुढे 1969 साली रोमने भारतासाठी आरती, अंजली, मांडी घालून बसणे, समई लावणे अशी बारा अनुकूलने मंजूर केली. डोळ्यांना दिसणारी मिस्सा अशा रीतीने बरीच भारतीय झाली. कानाला ऐकू येणाऱ्या मिस्सासाठी तेवढा विचार झाला नाही.

विचार झालाच नाही असे मात्र म्हणता येणार नाही, आणि इंदूरकरांनी तर ते म्हणूच नये. 1932 साली दिव्यशब्द संघाचे धर्मगुरू इंदूर मिशनमध्ये आले, आणि त्या संघाच्या फादर जॉर्ज प्रोक्श यांनी परिषदेच्या कितीतरी आधी भारतीय संगीताचा अभ्यास करून हिंदी भजने रचली. ज्ञानप्रकाश हे नाव घेऊन त्यांनी नंतर मुंबईत अंधेरीला ज्ञान आश्रमाच्या माध्यमातून हेच काम वाढवले. भजनाने चर्चला आपल्या मातीचा आवाज दिला, ज्यांनी कधी क्वायर पाहिली नव्हती त्यांना गायला लावले. मराठीत रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीते आजही पंथभेद ओलांडून गायली जातात. हे ऋण मोठे आहे आणि अर्पणाच्या वेळी किंवा ख्रिस्तप्रसाद घेताना भजन गाण्याला माझा यत्किंचितही विरोध नाही. माझी हरकत एवढीच आहे की मिस्साचे पाच पाठ भजनाच्या साच्यात बसत नाहीत. भजनाला ध्रुवपद लागते, सारख्या मात्रांच्या ओळी लागतात. ग्लोरिया आणि क्रेडो हे गद्य आहे. त्यांची वाक्ये कुठे दोन शब्दांची, कुठे दोन ओळींची. ते भजनात कोंबायचे तर शब्द कापावे लागतात, यमके घालावी लागतात, मधेच ध्रुवपद आणावे लागते, आणि शेवटी जे उरते तो मिस्साचा पाठ नसतो, त्याच्या आशयावरचे गाणे असते.

आता तालमीतली एक गोष्ट सांगते. शनिवारी संध्याकाळी आमचा वृंद जमतो: आठ-दहा बायका, दोन-तीन पुरुष आणि की-बोर्ड वाजवणारा कॉलेजचा एक मुलगा. आमच्या नेहमीच्या सांक्तुसची चाल इंग्रजीवरून घेतलेली आहे. इंग्रजीतल्या ‘होली’ या शब्दाचा पहिला स्वर लांब आणि जोरकस, म्हणून चालीतला पहिला सूरही लांब आणि समेवर आहे. त्यावर ‘पवित्र’ हा शब्द बसवला की ‘पाऽवित्र’ असे काहीतरी ऐकू येते. ‘पवित्र’मध्ये ‘प’ लघु आहे, पुढच्या जोडाक्षरामुळे ‘वि’ गुरू होतो आणि शेवटचा ‘त्र’ पुन्हा लघु. आमच्यातल्या एक मावशी मिस्सात शास्त्रपाठ वाचतात, त्यांचा उच्चार इतका स्वच्छ की शेवटच्या बाकापर्यंत शब्द पोहोचतो; त्याच मावशी गायला लागल्या की त्याच शब्दाची मोडतोड होते, कारण चाल त्यांना तसे करायला भाग पाडते. एकदा आम्ही चाल बाजूला ठेवली, सगळ्यांनी तो शब्द नुसता तीनदा म्हटला, आणि मग ‘प’ समेच्या आधी उचलून ‘वि’वर सम घेतली. कोणालाही काही समजावून सांगावे लागले नाही. पहिल्याच आवर्तनात सगळे एकत्र आले, आणि तबला किंवा की-बोर्ड नसतानाही लय दिसू लागली.

हे काही आमच्या वृंदाने लावलेला शोध नाही. ख्यालाच्या मुखड्याची ही रोजची रीत आहे. मुखडा समेच्या आधी उठतो आणि वजनदार अक्षर घेऊन समेवर पडतो. ‘दया’ या शब्दाचीही घडण तशीच, ‘द’ लघु आणि ‘या’ गुरू. म्हणजे कीरिए आणि सांक्तुस हे दोन्ही पाठ आपल्या भाषांत मुखड्यासारखे उठणारे आहेत. युरोपीय चालींत ते कधीच नीट बसणार नव्हते. शब्द कळले पाहिजेत ही चिंता चर्चला नवी नाही. सोळाव्या शतकात ट्रेंटच्या परिषदेच्या काळातही आवाजांच्या गुंत्यात मिस्साचे शब्द हरवतात अशी तक्रार होती, आणि पालेस्त्रीनाच्या पोप मार्सेलस मिस्सात ग्लोरिया आणि क्रेडोचे शब्द सहा आवाजांतूनही स्वच्छ ऐकू येतात ते त्या चिंतेशी सुसंगत आहे. त्या एका मिस्साने अनेकस्वरी संगीत बंदीपासून वाचले ही लोकप्रिय कथा दंतकथाच आहे, पण तिच्यामागचा प्रश्न खरा होता, आणि त्याला उत्तर म्हणून आवाज कमी करावे लागले नाहीत; ते शब्दाभोवती अधिक नीट रचावे लागले.

आता मुख्य आक्षेप. स्वरमेळाने, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळे सूर लावल्याने, रागाची हानी होते, असे संगीताचे जाणकार म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे सरसकट खोटे नाही. दरबारी रागाचा आंदोलित गंधार सहा बायकांना एकसारखा झुलवता येणार नाही. तोडीच्या कोमल ऋषभावर दुसऱ्या आवाजाने षड्ज धरला की एक वेळ चालेल, पण चार आवाज आपापल्या वाटेने निघाले तर तोडी उरणार नाही. भूपासारख्या सोप्या वाटणाऱ्या रागातही धोका आहे: खालचा आवाज वारंवार धैवतावर थांबू लागला की भूपाचा देसकार व्हायला वेळ लागत नाही, कारण दोन्ही रागांचे स्वर तेच आहेत आणि फरक आहे तो जोर कुठे पडतो याचा. पियानोवर शिकलेल्या माणसाने भारतीय चालीखाली ठरावीक कॉर्ड (एकत्र वाजणारे सुरांचे गुच्छ) ठेवले की नेमके हेच होते. म्हणून असल्या कामात राग कळणारा माणूस हवा, आणि म्हणूनच मी इथल्या संगीतकारांकडे बोट दाखवते आहे.

पण या आक्षेपातून एकसुरी गाणे हाच भारतीय मार्ग, असा निष्कर्ष निघत नाही. दुर्गा राग घ्या: सा, रे, म, प, ध. या पाच स्वरांपैकी कोणतेही दोन एकत्र लावले तरी अर्ध्या स्वराची टक्कर होत नाही. त्यामुळे एका आवाजाने सुरू केलेली ओळ दुसऱ्याने दोन मात्रांनी मागून उचलली, तिसऱ्याने त्याच्याही मागून, तरी स्वर एकमेकांना खुपत नाहीत आणि प्रत्येक आवाज रागाच्या चलनातच राहतो. कॉर्डचा विचार न करता, केवळ ओळींच्या गुंफणीतून, स्वरमेळ उभा राहतो. पालेस्त्रीनाच्या काळचे संगीतही असेच ओळींच्या गुंफणीतून विचार करत होते. ग्लोरियासाठी दुर्गा मला आदर्श वाटतो. उलट प्रायश्चित्तकाळातला कीरिए दरबारीच्या अंगाने करायचा असेल, तर तो एकाच गळ्याकडे द्यावा आणि बाकीच्या वृंदाने खाली षड्ज-पंचम धरून ठेवावा. तिथे वृंदाचे काम तंबोऱ्याचे आहे आणि ते कमी प्रतीचे नाही.

तंबोऱ्याचा उल्लेख आलाच आहे तर एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. उत्तम जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून गंधार आपोआप ऐकू येतो. आपले गायक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात आणि त्यावर प्रेम करतात. षड्ज, पंचम आणि हा गंधार एकत्र आले की युरोपात ज्याला मेजर कॉर्ड म्हणतात तो झाला. म्हणजे ज्या मेळाला आपण परका म्हणतो, तो आपल्या गाण्याच्या पाठीशी अखंड वाजत असतो. खरा बेसूर येतो तो की-बोर्डमधून, कारण त्याचा गंधार तंबोऱ्याच्या गंधारापेक्षा चढा असतो. आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत हार्मोनियमला दूर ठेवले, त्यामागच्या वादात हेही एक कारण होते. वाद्यांशिवाय, तंबोऱ्यावर गाणारा वृंद नैसर्गिक गंधाराकडे आपोआप झुकतो. म्हणून नवी मिस्सा वाद्यांशिवाय, फार तर तंबोरा आणि पखवाज यांच्या साथीने गाता यावी, अशीच रचावी. ज्या शहरात होळकरांच्या आश्रयाने नानासाहेब पानशांचा पखवाज घुमला, तिथे रविवारच्या उपासनेत बटण दाबून सुरू होणारा यांत्रिक ठेका ऐकावा लागणे मला खरोखर दुःखद वाटते.

भारतीय भाषेत अनेक आवाजांनी गाणे ही कल्पना तरी नवी कुठे आहे? सलील चौधरींनी 1958 मध्ये मुंबईत युवा गायनवृंद उभा केला. गोव्याच्या धर्मग्राम शाळांत व्हायोलिन आणि सोल्फा (पाश्चात्त्य सरगम) शिकलेल्या वादकांनी हिंदी चित्रपटसंगीताला कित्येक दशके स्वरमेळ पुरवला, आणि त्यांच्यापैकीच अँथनी गोन्साल्विस यांनी राग आणि वाद्यवृंद एकत्र आणण्यासाठी आपली शक्ती खर्च केली. आपण सगळे ते ऐकत लहानाचे मोठे झालो. मिस्साच्या बाबतीतही जगात उदाहरणे आहेत. काँगोमध्ये 1958 साली ‘मिस्सा लुबा’ घडली, अर्जेंटिनात आरिएल रामिरेस यांनी 1964 मध्ये ‘मिसा क्रिओया’ रचली. पहिलीत आफ्रिकन गायनशैली आहे, दुसरीत अर्जेंटिनाचे लोकठेके आहेत, आणि दोन्हींमध्ये वृंद पूर्ण ताकदीने गातो. त्यांना देशी होण्यासाठी क्वायर सोडावी लागली नाही. आपल्यालाच ती सोडावी लागेल असे कोणी का ठरवावे?

दुसरा आक्षेप लोकांच्या सहभागाचा. वृंद चांगला गाऊ लागला की लोक गप्प होतात, ही भीती अनेक धर्मगुरूंना वाटते आणि ती अनुभवातून आलेली आहे. व्हॅटिकन परिषदेच्या दस्तऐवजात गायनवृंद जोपासा असेही म्हटले आहे आणि संगीतकारांनी केवळ मोठ्या वृंदांसाठी न लिहिता लहान वृंदांसाठी व सर्व लोकांच्या सहभागासाठीही लिहावे, असेही. हे दोन्ही एकाच रचनेत साधता येते. लोकांची ओळ मध्य षड्जापासून पंचमापर्यंतच ठेवावी, षड्ज पांढरी दोनच्या आसपास घ्यावा, म्हणजे बायका आणि पुरुष दोघांनाही ती आपापल्या सप्तकात सहज येते. ती ओळ दर वेळी जशीच्या तशी यावी आणि वृंदाने तिच्या वर-खाली दर वेळी काहीतरी नवे करावे. सांक्तुसमध्ये लोकांची ओळ अखंड चालू राहावी आणि ‘होसान्ना’ या जयघोषाच्या वेळी वृंदाने तिच्यावर चढावे. वारकरी भजनात पुढचा गायक कुठेही फिरून आला तरी टाळकऱ्यांचे चरण ठरलेले असतात, त्यामुळे तिथे कोणीही आयत्या वेळी येऊन उभा राहिला तरी गाऊ शकतो. मिस्साच्या रचनेने ही सोय जशीच्या तशी उचलावी.

वृंद लहान असतो, पुरुष कमी असतात, टेनर, म्हणजे पुरुषांतले वरच्या पट्टीचे गळे, तर शोधूनही सापडत नाहीत, ही व्यवहारातली अडचण मी रोज पाहते. त्यावर उपाय म्हणजे चार आवाजांचा हट्ट सोडून तीन आवाजांत रचणे: बायकांचे दोन आणि सगळ्या पुरुषांचा मिळून एक. यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. 1590च्या दशकात इंग्लंडमध्ये कॅथलिक उपासनेवर बंदी असताना विल्यम बर्ड याने तीन, चार आणि पाच आवाजांच्या तीन मिस्सा लिहिल्या. त्या लपूनछपून, खासगी घरांत, मूठभर माणसांनी गायच्या होत्या. त्यांतली तीन आवाजांची मिस्सा आजही जगभर गायली जाते. मूठभर माणसांच्या समाजासाठी लिहिलेले संगीत दुय्यम असते, हा समज बर्डने चारशे वर्षांपूर्वीच मोडून काढला आहे, आणि इंदूर-महूच्या आमच्यासारख्या छोट्या समाजाने तो पुन्हा उराशी बाळगू नये.

रचना कोणी करावी? मला वाटते, ख्रिस्ती नसलेल्या संगीतकाराकडेही निःसंकोच जावे. बाख स्वतः ल्युथरन, म्हणजे प्रोटेस्टंट, होता. इंग्लंडच्या राल्फ वॉन विल्यम्सची ओळख अज्ञेयवादी अशी, पण त्याने 1921 च्या सुमारास लिहिलेली वाद्यांशिवायची ‘जी मायनर’ मिस्सा कॅथलिक कॅथेड्रलच्या उपासनेतही गायली गेली. आपल्याकडे तर हे सांगायचीही गरज नसावी. मुसलमान उस्तादांनी कृष्णाच्या बंदिशी ज्या निष्ठेने गायल्या, त्या निष्ठेवर आपले अर्धे संगीत उभे आहे, आणि अमीर खाँसाहेबांच्या इंदुरात तरी हे कोणी विसरू नये. अट एकच असावी, की संगीतकाराने स्वर लावण्याआधी काही रविवार मिस्साला येऊन बसावे, कोण केव्हा उभे राहते, भाकर मोडायला किती वेळ लागतो, शब्द कोणाच्या तोंडून येतात, हे पाहावे. शहरात संगीत महाविद्यालय आहे, मराठी घरांतून तीन-तीन पिढ्या गाणे शिकवणारे गुरुजी आहेत. चर्चकडून त्यांना आमंत्रण जात नाही, आणि आमंत्रणाशिवाय कोणी दुसऱ्याच्या देवघरात शिरत नाही.

हिंदी आणि मराठीसाठी एकच चाल वापरण्याचा मोह मात्र टाळावा. कीरिए दोन्हींत जवळपास सारखा चालेल, कारण ‘दया कर’ दोन्हीकडे तेच आहे. ग्लोरिया आणि क्रेडोच्या वाक्यांची लांबी, क्रियापदाची जागा, विभक्तींचे वजन दोन्ही भाषांत वेगळे पडते. मराठी क्रेडोसाठी मला ओवीचे वळण सुचते. मात्रांच्या चौकटीत न अडकता शब्दाच्या ओघाने जाणारी, पोथी वाचताना घराघरांत ऐकलेली ही पद्धत गद्य पाठाला फार जवळची आहे, आणि मराठी ख्रिस्ती परंपरेला ती उपरी नाही: फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 साली छापलेले ‘क्रिस्तपुराण’ ओवीतच आहे. एकाने ओवीच्या चालीवर वाक्य म्हणावे आणि ठरलेल्या जागी वृंदाने तीन आवाजांत त्याला उचलून धरावे, अशी रचना मराठीत अजून माझ्या ऐकण्यात नाही, आणि ती ऐकण्याची मला फार इच्छा आहे.

प्रश्न उरतो तो लिपीचा, परवानगीचा आणि पैशाचा. वृंदातले निम्मे लोक सरगम वाचतात, एखाद-दुसरा स्टाफ नोटेशन (युरोपीय स्वरलिपी) वाचतो, बाकीचे कानाने शिकतात. तेव्हा रचना भातखंडे लिपीत आणि स्टाफमध्ये, दोन्हींत उतरवून द्यावी आणि प्रत्येक आवाजाची स्वतंत्र ध्वनिफीत सोबत द्यावी. लोकभाषेतल्या पाठांच्या चालींना बिशपांच्या मंडळाची मान्यता लागते, म्हणून हे काम एका धर्मग्रामाने आपल्या हौसेखातर करून भागणार नाही. धर्मप्रांताने (बिशपांच्या अखत्यारीतल्या साऱ्या धर्मग्रामांनी) ते आपले मानले पाहिजे. मानधनाचा विषय निघाला की सेवा म्हणून करा असे सांगितले जाते. त्याच धर्मग्रामात नवे स्पीकर आणि नवा की-बोर्ड घेताना मात्र दुकानदाराला कोणी सेवेची आठवण करून देत नाही. गवंड्याला, सुताराला, विजेचे काम करणाऱ्याला आपण पैसे देतो आणि वेदी उभी राहते. रचनाकाराच्या श्रमाचा हिशेबही त्याच वहीत मांडला जावा.

संपूर्ण मिस्साची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. आगमनकाळाच्या चार रविवारी ग्लोरिया नसतो आणि क्रेडो बहुतेक ठिकाणी बोलूनच म्हटला जातो. त्या चार आठवड्यांसाठी कीरिए, सांक्तुस आणि आन्युस देई या तीनच रचना लागतात. त्या तीन आवाजांत, हिंदीत, एका संगीतकाराकडून पावसाळा संपण्यापूर्वी करून घ्याव्यात, म्हणजे तालमीला दोन महिने मिळतील आणि लोकांची ओळ ऑक्टोबरपासूनच मिस्साआधीच्या पाच मिनिटांत शिकवता येईल. ग्लोरिया नाताळच्या रात्री लागेल. तोपर्यंत दुर्गा गळ्यात बसलेला असेल.